प्लेट जिथं संपते

माझ्या भावानं आईला मारलं तो शनिवार होता. त्याच्या हातात कुऱ्हाडीचा दांडा होता. आईनं डावा हात डोक्यावर धरला. हात मोडला. शेजारच्या काकूनं तिला जीपमध्ये बसवलं आणि ब्रह्मपुरीला आणलं. ज्या दवाखान्यात आणलं, तिथं मी काम करते.

काम काय ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्याशी जोडलेलं आहे. मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. हाडांच्या एका खाजगी दवाखान्यात मी बिलिंग आणि कोडिंग पाहते. सरकारी योजनेतून ज्यांचं ऑपरेशन होतं त्यांच्या फायली माझ्या टेबलावरून जातात. आधी मंजुरी मागवायची, ऑपरेशन झालं की आधीचा आणि नंतरचा एक्स-रे जोडायचा, प्लेटच्या पाकिटावरचं स्टिकर लावायचं आणि दुखापतीला कोड द्यायचा. कोड म्हणजे एक अक्षर आणि त्यापुढे आकडे. दर दुखापतीला दोन लागतात. काय मोडलं याचा एक, कशानं मोडलं याचा दुसरा. पहिल्यासाठी एक्स-रे पुरतो. दुसऱ्यासाठी माणूस काय सांगतो त्यावर विसंबावं लागतं.

कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं असतात. अंगठ्याच्या बाजूचं एक, करंगळीच्या बाजूचं एक. एवढ्याशा दोन हाडांवर किती तऱ्हांनी मार बसू शकतो हे मी इथं आल्यावर पाहिलं. मोहफुलं वेचायला गेलेल्या माणसावर अस्वल आलं, त्यानं तोंड वाचवायला हात पुढे केला आणि अस्वलानं तो चावून चिरडला. त्या हाताला मी जनावर चावल्याचा कोड दिला. मूल तालुक्यातली एक बाई मळणीयंत्रात ओढली गेली होती. तिच्या काचेच्या बांगड्या मांसात रुतल्या होत्या आणि डॉक्टर चिमट्यानं एकेक तुकडा ट्रेमध्ये टाकत होते. तिला यंत्राचा कोड. राईस मिलचा पट्टा, ट्रॅक्टरची ट्रॉली, रानडुक्कर, सगळ्यांना कोड आहेत. सुरुवातीला मला दुपारचा डबा जात नसे. मग जाऊ लागला.

सगळ्यात जास्त कोड मात्र पडण्याचे. आमच्याकडे बायका फार पडतात. मोरीत पडतात, पायरीवरून पडतात, बांधावरून पडतात, शेणात घसरतात. नोकरीच्या पहिल्याच वर्षी डॉक्टरांनी मला अशा एका बाईची फिल्म खिडकीशी धरून दाखवली.

"पडणारा माणूस हात टेकतो," ते म्हणाले. "मनगटाजवळ मोडतं, नाहीतर दोन्ही हाडं जातात. हे पाहा. करंगळीच्या बाजूचं एकटंच हाड, मधोमध, आडवं. हिनं हात टेकला नव्हता." आणि त्यांनी स्वतःचा हात कपाळासमोर आडवा धरला.

"मग काय लिहू?"

"ती काय म्हणते?"

"शेणात घसरले म्हणते."

"मग तेच लिहा."

मी लिहायला घेतलं नाही. ते म्हणाले, "मारहाण लिहिलं की ठाण्याला कळवावं लागतं. जमादार येतो. नवरा बाहेर बाकावर बसलेला असतो. ही बाई ऑपरेशन न करताच उठून घरी जाते. मी हे तीनदा पाहिलंय. हात तरी जोडू द्या."

तेव्हापासून करंगळीच्या बाजूचं हाड मधोमध मोडलेली फिल्म आली की मी बाईच्या तोंडाकडे बघत नसे. पडल्याचा कोड टाकायची आणि पुढची फाईल घ्यायची.

त्या शनिवारी आई माझ्या टेबलासमोरून गेली. डावा हात पदरात गुंडाळला होता आणि उजव्या हातानं तिनं तो एखाद्या झोपलेल्या लेकरासारखा धरला होता. कपाळाच्या कडेला खरचटलेलं होतं. मी उठले.

"काय झालं?"

"पडली," आई म्हणाली. "कोठीपाशी."

काकू मागं उभी होती. जीपमध्ये सगळा वेळ गप्प बसून तिचा जीव कासावीस झाला असावा. "सांग ना व माय," ती म्हणाली. "पोरीपाशी काऊन लपवून राह्यली?"

"तू जाय आता," आई तिला म्हणाली. "जीप निघून जाईन तुही."

"निघू दे जीप. दांड्यानं मारलं त्यानं, बाई. मी आंगणात धान वाळू घालून राह्यली होती. आवाज आला. हाडाचा आवाज आला मले, खोटं नाई सांगत."

"हिले घरात बसून पाखराचा आवाज ओळखता येत नाई," आई मला म्हणाली, "आन हाडाचा ओळखता आला."

एक्स-रे झाला. फिल्म माझ्याच टेबलावर आली, सगळ्यांची येते तशी. करंगळीच्या बाजूचं हाड, मधोमध, आडवं. दुसरं शाबूत.

डॉक्टरांनी फिल्म पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. "काय लिहायचं?" त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी मला विचारला नव्हता.

"मारहाण," मी म्हणाले.

संध्याकाळी जमादार आला. पोट सुटलेला, शांत माणूस. आईच्या खाटेजवळ स्टूल ओढून बसला, चष्मा लावला.

"बाई, कोणी मारलं?"

"कोणी नाई."

"इथी तं मारहाण लिवली हाये."

"ते माह्या पोरीनं लिवलं. तिचा बाप मास्तर होता. घरात पुस्तकंच पुस्तकं. भिंतीवरून मांजर गेली तं तिले त्यातबी गोष्ट दिसते."

वॉर्डातल्या बायका हसल्या. जमादारही हसला. "मग तुम्ही पडल्या कशा?"

"माणसं कशी पडतात? वरतून खाली पडली."

तिनं बयानावर सही केली. मोठ्या, वेगवेगळ्या अक्षरांत, बाबांनी शिकवली होती तशी. मी दारात उभी होते. जमादार जाताना मला म्हणाला, "मॅडम, पेशंटच नाई म्हणते तं आम्ही काय करावं?"

तो गेल्यावर मी आईच्या खाटेवर बसले. "तो तुला मारून टाकेल," मी म्हणाले.

"अन तो जेलमध्ये गेला तं? धान उभं हाये शेतात."

"धानासाठी?"

"तू कापाले येतं का?" ती म्हणाली. मग हाताकडे बघू लागली. हात सुजून कोपरापर्यंत निळा झाला होता. "माह्या पोटचा हाये तो," शेवटी म्हणाली. "त्याले मी कुठी टाकू?"

सोमवारी योजनेची मंजुरी अडकली. संगणकावर शेरा आला: पेशंटचं बयान आणि दुखापतीचं कारण जुळत नाही, खुलासा द्या. खुलासा दिला नाही तर ऑपरेशन लांबणार होतं आणि सूज अजून वाढत होती. डॉक्टर माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले. "बदला," म्हणाले. मी मारहाणीचा कोड काढला आणि पायरीवरून पडल्याचा टाकला. कोड बदलायला काहीच वेळ लागत नाही. मंजुरी लगेच आली.

ऑपरेशन थिएटरची भिंत माझ्या टेबलाला लागून आहे. ड्रिलचा आवाज नेहमीच ऐकू येतो. ऑपरेशनचा कागद मी रोज वाचते, म्हणून त्या आवाजात आत काय चाललंय ते मला माहीत असतं. करंगळीच्या बाजूनं चीर देतात. तिथं हाड कातडीच्या अगदी खाली असतं, फार खोल जावं लागत नाही. स्नायू बाजूला खरवडतात. मोडलेली टोकं चिमट्यांत धरून ओढतात आणि एकमेकांवर बसवतात, वर प्लेट ठेवतात आणि एकेक भोक पाडत जातात. बरं करण्याची ही रीत मार देण्याच्या रीतीहून फार वेगळी दिसत नाही. फरक इतकाच की इथं माणूस झोपलेला असतो. त्या दिवशी मी की-बोर्डवर हात ठेवून तो आवाज ऐकत बसले. थांबला की वाटायचं झालं. मग पुन्हा सुरू व्हायचा.

दुसऱ्या दिवशी आईनं नंतरचा एक्स-रे मागितला आणि खिडकीकडे धरला. "हे पांढरं पांढरं काय हाये?"

"प्लेट. आणि हे स्क्रू."

"लोखंडाची?"

"स्टीलची."

"म्हणजे लोखंडच ना व." ती बघत राहिली. बघता बघता तिच्या तोंडावर हसू आलं. "त्यानं एवढं लोखंड वाह्यलं सूरजागडचं. थोडकं माह्या हातात आलं म्हणा."

भाऊ सूरजागडच्या खाणीतलं लोहखनिज वाहणाऱ्या ट्रकवर ड्रायव्हर होता. बाबा गेले तेव्हा तो शाळेतही जात नव्हता. बाबांची पुस्तकं माझ्याकडे आली, शेत त्याच्याकडे, आणि शेतात त्याचं मन लागलं नाही. ट्रकवर मात्र तो खूश होता. लाल धुळीनं माखून घरी यायचा आणि आईनं पाणी तापवेपर्यंत अंगणात उभा राहून गाणी म्हणायचा. मग एका गावाजवळ त्याच्या ट्रकखाली मोटरसायकल आली. मोटरसायकलवरचा माणूस जागीच गेला. लोकांनी भावाला केबिनमधून ओढून काढलं आणि हाताला येईल त्यानं मारलं. दोन्ही हात डोक्यावर धरून तो रस्त्यावर पडून राहिला. आमच्याच दवाखान्यात त्याचे एक्स-रे काढले होते. कोपरापासून मनगटापर्यंत दोन्ही हात काळेनिळे, पण हाडं शाबूत. त्यानंतर तो ट्रकवर चढला नाही. घरी बसला. आमचं गाव वैनगंगेपलीकडच्या जिल्ह्यात, तिथं दारूबंदी आहे, दारू मात्र दर चौथ्या घरात मिळते. पहिल्यांदा त्यानं आईवर हात उगारला तेव्हा तिनं पाणी आणायला उशीर केला होता, एवढंच काकूनं मला नंतर सांगितलं.

तो आईला न्यायला आला तेव्हा पिऊन आलेला नव्हता. दवाखान्याच्या फाटकापाशी मोटरसायकल धरून उभा होता. "ताई," म्हणाला आणि खाली बघत राहिला. आईनं मोठ्या पाकिटातून एक्स-रे काढला, उन्हात धरला आणि त्याला बोलावलं.

"पाह्य इथी. दिसते का? लोखंड हाये. आता मारशील तं तुहा दांडा मोडन, माहा हात नाई."

त्यानं फिल्म हातात घेतली. किती वेळ बघत होता. मग आईच्या हाताच्या पट्टीला बोट लावलं, गरम तव्याला लावावं तसं, आणि लगेच मागं घेतलं.

"खरंच हाये का?" त्यानं मला विचारलं.

"आहे," मी म्हणाले. खोटं नव्हतंच ते.

पुढचं जवळजवळ वर्ष त्यानं आईला मारलं नाही. टाके निघाल्यावर प्लेट कातडीखालून हाताला लागायची. धानाच्या रोवणीच्या दिवसांत बांधावर बसून जेवताना बायका आईचा हात धरून ती चाचपायच्या. "बुढी, तुह्यावर वीज पडन हो आता," एकजण म्हणायची. "तुले स्मशानात नाई, भंगारात न्या लागन," दुसरी. आई हसायची आणि बाही वर करून तिसरीला दाखवायची. भाऊ दारूच्या बैठकीत लोकांना सांगायचा, माह्या मायचा हात लोखंडाचा हाये. अभिमानानं सांगायचा, असं काकू म्हणते.

त्याचा राग मात्र कुठं गेला नव्हता. तो घरातल्या बाकीच्या गोष्टींवर निघायचा. त्यानं पाण्याचा हंडा कुऱ्हाडीनं चेचला. दार तोडलं. एका बैलाला त्यानं इतकं मारलं की त्याच्या पाठीची कातडी फाटली आणि जखमेत अळ्या पडल्या. आई हे मला फोनवर सांगायची, आणि तिच्या आवाजात सुटका असायची. "बैलाले मारलं," म्हणायची. "मले हात नाई लावला."

पावसाळी हवेत प्लेट दुखायची, म्हणून तिला तपासणीला बोलावलं. डॉक्टरांनी नवा एक्स-रे पाहिला. हाड छान जुळलं होतं. "प्लेट काढून टाकू," ते म्हणाले. "आता तिचं काम संपलं. आणि बाई, एक सांगतो. प्लेट जिथं संपते ना, तिथं हाडावर ताण येतो. पुन्हा मार बसला तर तिथंच मोडेल."

"राहू द्या," आई म्हणाली.

मी तिला बाहेर बाकावर आणलं. जितकं सोपं करून सांगता येईल तितकं सांगितलं. प्लेट हाड जुळेपर्यंत दोन टोकं धरून ठेवते, तेवढंच तिचं काम. तिनं हात मजबूत होत नाही. ती काही ढाल नव्हे.

आई शांतपणे ऐकत होती. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. लहानपणी गणित चुकलं की ती असं पाहायची, तिला स्वतःला गणित येत नसूनही.

"हे तुले माहीत हाये," ती म्हणाली. "मलेबी माहीत हाये. त्याले कुठी माहीत हाये?"

तिनं बाही खाली ओढली.

"काढली का तो मारन मले. राहू दे."

तोपर्यंत मी समजत होते की आई भाबडी आहे. खेडवळ बाईच्या डोक्यात काहीतरी वेडगळ बसलंय असं मी मनातल्या मनात म्हणतही असेन. त्या बाकावर मला कळलं की तिनं सगळं मोजूनमापून केलं होतं. तिच्याकडे पोलीस नव्हता, नवरा नव्हता, मुलगी नदीपलीकडं होती. हातात लोखंड आहे असं मानणारा मुलगा होता, तेवढ्यावर ती जगत होती.

आमच्या दवाखान्यात एक रीत आहे. प्लेट काढली की ती धुऊन प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत घालतात, पेशंटला ती हातात धरायला लावतात आणि फोटो काढतात. प्लेट खरंच काढली याचा पुरावा म्हणून तो फोटो फाईलला लागतो. नंतर पिशवी पेशंटलाच देतो. माणसं ती जपून नेतात. कुणी खिशात ठेवतो, कुणी देवळीत. कुणी आला-गेला की काढून दाखवतो, पाहा, हे माझ्या आत होतं.

धान कापणीच्या सुमाराला आमच्या गावचा एक माणूस प्लेट काढायला आला. त्याचाही डावाच हात होता. मागं झाडावरून पडला होता, खरोखरच पडला होता. मी त्याचा फोटो काढला. पिशवी त्याला दिली, सगळ्यांना देते तशी. "मायले जयभीम सांगजो," तो म्हणाला आणि गेला.

पुढचं मला काकूनं सांगितलं, आणि नंतर कोर्टातही सांगितलं. त्या माणसानं बैठकीत पिशवी काढली. ती हातोहात फिरली. भावाच्या हातात आली तेव्हा त्यानं प्लेट बाहेर काढली, तळहातावर ठेवली, उचलून पाहिली. इतकी बारीक. इतकी हलकी. त्याच्या मनात आईच्या हाताभोवती काय होतं कुणास ठाऊक, ट्रकच्या पाट्यासारखं जाड काहीतरी असेल. "एवढीच?" त्यानं विचारलं. "एवढीच असते," तो माणूस म्हणाला. बाकीचे हसले. कुणीतरी म्हणालं, "का बे, एवढ्याले भेत होता वर्षभर?"

तो घरी आला तेव्हा दुपार होती. आई अंगणात धानाचे भारे मोजून घेत होती. काकू कुंपणापलीकडं. तो आईसमोर उभा राहिला आणि ओरडला, "चमच्याएवढी हाये तुही प्लेट! चमच्याएवढी!" काकू म्हणते, मारण्याआधी तो रडत होता. आईनं तोच हात वर केला. दुसरा वर करता आला असता. तिनं तोच केला. काकूनं तो आवाज पुन्हा ऐकला, आणि त्यानंतर आणखी एक, वेगळा. मग आणखी. ती कुंपण ओलांडून पोचली तोवर आई खाली होती आणि भाऊ भाऱ्यांवर बसला होता. त्याला धरायला लोक आले, तेव्हा त्यानं दोन्ही हात डोक्यावर धरले.

गावातल्या पोरांनी आईला गाडीत घालून आमच्याकडं आणलं, कारण त्यांना तोच दवाखाना माहीत होता. डोक्याला साडी गुंडाळलेली होती आणि ती पूर्ण भिजली होती. डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारून पाहिलं. "हे आपल्याकडचं नाही," म्हणाले. "नागपूर." ॲम्ब्युलन्स लागेपर्यंत हाताचा एक्स-रे झाला. कुणी सांगितला आणि का काढला, ठाऊक नाही. सवयीनं काढला असेल. फिल्म पुन्हा माझ्या टेबलावर आली. प्लेट जशी बसवली होती तशीच होती, एकही स्क्रू हलला नव्हता. हाड प्लेटच्या टोकाशी मोडलं होतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं तिथं.

ॲम्ब्युलन्समध्ये मी तिचा तो हात मांडीवर घेऊन बसले. फळी बांधलेली होती. कातडीखाली प्लेट बोटाला लागत होती आणि तिच्या टोकाशी हाड मऊ लागत होतं. आई शुद्धीवर आली नाही. नागपूर यायच्या आधीच ती गेली. सोबतच्या माणसानं घड्याळ पाहिलं आणि ॲम्ब्युलन्स तशीच पुढे चालत राहिली, कारण कागद नागपूरचे होते.

दवाखान्यात परतल्यावर तिची फाईल मलाच बंद करायची होती. काय मोडलं, कशानं मोडलं. मी मारहाणीचा कोड टाकला. या वेळी खुलासा कुणी मागितला नाही. या वेळी बयान द्यायला ती नव्हती.

अंत्यविधी गावातच झाला, वैनगंगेच्या काठावर. त्रिसरण आणि पंचशील झालं. भाऊ कोठडीत होता, म्हणून अग्नी मी दिला. बायका पांढऱ्या साडीत लांब उभ्या होत्या. रोवणीत आईचा हात चाचपणाऱ्या त्याच बायका. त्यांतली एकही माझ्याकडे बघू शकत नव्हती.

तिसऱ्या दिवशी आम्ही राख सावडायला गेलो. मामा काठीनं राख पसरत होते आणि मी अस्थी वेचत होते. काठीला काहीतरी टणक लागलं. मामांनी वाकून उचललं, फुंकर मारली. आगीनं प्लेट काळीनिळी झाली होती. काही स्क्रू अजून तिच्यात अडकून होते, बाकीचे राखेत पडले होते.

मामांनी ती तळहातावर धरली. ते साधे शेतकरी, दवाखान्याशी त्यांचा फारसा संबंध नव्हता. "बाई," त्यांनी हळू विचारलं, "हे दवाखान्यात जमा करा लागते का?"

"नाही," मी म्हणाले. "पेशंटला देतात."

त्यांनी प्लेटवरची राख अंगठ्यानं पुसली. मग म्हणाले, "नदीत सोडू, अस्थीसंगं." मी नको म्हणाले. त्यांनी वाद घातला नाही. ती माझ्या हातात दिली आणि पुन्हा काठी घेतली.

मी नोकरी सोडली नाही. बायका अजून येतात. मागच्याच आठवड्यात एक आली, तिशीचीही नसेल. करंगळीच्या बाजूचं हाड, मधोमध, आडवं. मोरीत पडले म्हणाली. तिचा नवरा बाहेर बाकावर मोबाइल पाहत बसला होता. मी तिच्या तोंडाकडं पाहिलं. आता पाहते. तिला माझ्या टेबलाशी बसवलं, चहा मागवला आणि विचारलं, पुन्हा पडलीस तर कुठं जाशील? ती रडली नाही. तिनं चहा संपवला. मग म्हणाली, "मावशी हाये वडशाले." मी मावशीचा नंबर घेतला. कोड तिनं सांगितला तोच टाकला, कारण हात जोडायचा होता. ऑपरेशननंतर मी मावशीला फोन केला आणि ती तिला घेऊन गेली. नवरा फाटकात ओरडत राहिला. वॉचमननं त्याला धरून ठेवलं. आता ती मावशीकडे आहे की परत गेली, मला माहीत नाही. तपासणीला आली की कळेल.

काढलेली प्लेट मी अजूनही पेशंटच्या हातात देते. मागायला हात पुढे येतो, नाही म्हणता येत नाही.

भाऊ जेलमध्ये आहे. मी भेटायला गेलेले नाही. घराला कुलूप आहे आणि किल्ली काकूकडे. शेत या वर्षी मामांनी लावलं. आईची प्लेट माझ्या टेबलाच्या खणात आहे. ती कुठंही वाकलेली नाही.